एका बंबावर दोन घरं

लग्न होऊन मी मोशीच्या अलीकडच्या त्या घरात आले, तेव्हा अंगणात रेल्वेच्या डब्याच्या खिडक्या रचून ठेवलेल्या होत्या. एकीवर एक, मधे गोणपाट घालून. नव्या नवरीने आल्या आल्या चौकशा करायच्या नसतात म्हणून मी गप्प राहिले. पण धुणं वाळत घालायला दोरी पुरेना, तेव्हा एक ओलं लुगडं मी त्या खिडक्यांवर टाकलं. सासरे घरातून धावत आले आणि म्हणाले, "काच हाय ती पोरी, काच! दोरी न्हाई." माझ्याशी ते पहिल्यांदा बोलले ते हे.

त्या खिडक्यांचं काचघर व्हायचं होतं. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणत असू. जन्म त्याच गावातला, पण उभी हयात रेल्वेत गेली, लोको शेडमध्ये इंजिनांचे बॉयलर दुरुस्त करण्यात. निवृत्त होऊन घरी आले तर हात स्वस्थ बसेनात. शेती वाट्याने दिलेली होती, तिच्यात त्यांना काही कळतही नव्हतं आणि ते तसं कबूलही करत. पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. माझे यजमान तिथेच शिफ्टमध्ये कामाला होते. साहेबलोकांचे बंगले नवे कोरे, पुढे नुसता मुरूम, आणि साहेबांच्या बायकांना गुलाब हवे, विलायती फुलझाडं हवी. ही रोपं आपण करायची असं मामंजींनी मनावर घेतलं. मळ्यात रोपं करणारे गावात होतेच, पण थंडीत त्यांची रोपं धरत नसत. म्हणून काचघर. घराच्या उगवतीच्या भिंतीला लागून त्यांनी लाकडी सांगाडा उभा केला आणि त्यात त्या खिडक्या बसवल्या. एका खिडकीच्या चौकटीवर ‘थुंकू नये’ असं रंगवलेलं होतं, ते तसंच राहिलं.

त्या बाजूला आता इतक्या इमारती आणि कारखाने झाले आहेत की थंडी कुठून यायची, ते दाखवायलाही जागा उरलेली नाही. तेव्हा इंद्रायणीवरून वारा सुटला की तो मोकळ्या रानातून थेट आमच्या भिंतीवर येऊन आदळे. घर मातीचं, वर कौलं, कौलांच्या फटीतून आभाळ दिसे. सकाळी हंड्यातल्या पाण्यात हात घातला की बोटं आपली आहेत की दुसऱ्या कुणाची, असा प्रश्न पडे. मी नगरकडची, थंडीचं मला कौतुक नव्हतं, तरी मी दात वाजवत चूल पेटवायची.

सासूबाईंची गोष्ट वेगळी होती. त्या समुद्राकाठच्या, अष्टागरातल्या एका नारळी-पोफळीच्या वाडीतल्या. लग्न होऊन घाटावर येऊन तीस वर्षं झाली, तरी मला ‘गं’ न म्हणता ‘गो’ म्हणत. त्यांना दम्याचा विकार होता. पावसाळ्यात बरं असे, उन्हाळ्यात बरं असे, पण थंडी पडली आणि त्यात धुराचा भपका नाकात गेला की त्या उंबऱ्यावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवत आणि श्वास ओढत राहत. पाहणाऱ्याच्या छातीत दुखावं असा तो आवाज. म्हणून चंपाषष्ठी झाली की त्यांचा भाऊ येई आणि त्यांना माहेरी घेऊन जाई. तिकडे शिमगा करून त्या परत येत. हा क्रम इतक्या वर्षांचा होता की गावातल्या बायका थंडीचा हिशेब त्यावरून करत. "वैनी गेल्या न्हाईत अजून, म्हंजी थंडी यायचीय," असं म्हणत.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नसतं. पण एकदा सायकलला तेल घालता घालता यजमान मला म्हणाले, "बाबा नोकरीत होते तोवर ते भुसावळला, दौंडला, कल्याणला, आणि आई इथं. शेवटी कायमचे घरी आले ते ऐन पौषात. बिस्तरा घेऊन दारात उभे राहिले, तर आई मामाकडे." मग त्यांनी चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "शिमग्यापर्यंत माणूस कुणाशी बोललं नाही." यजमान स्वतःही फारसं बोलत नसत. दुसरी पाळी संपवून आले की जेवत आणि झोपत. म्हणून हे बोलणं माझ्या लक्षात राहिलं.

माझ्या लग्नानंतरची पहिली दिवाळी झाली आणि मामंजींनी जाहीर केलं, "औंदा मेव्हण्याला निरोप धाडायचा न्हाई."

सासूबाई लसूण सोलत होत्या. "का? मला मारायचं ठरवलंत?"

"काचघराला ऊब कराया लागणारच हाय. तुजी खोली वाटंतच हाय. तीबी हुईल."

मला हे ऐकून हसू आलं होतं. खोली वाटेत होती हे खरं, पण काचघराची भिंत निवडताना ती वाटेत येईल अशी कुणी निवडली होती? मावळतीकडे याहून सोयीची जागा होती. पण सुनेने हसायचं नसतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चंपाषष्ठीपर्यंत बघत्ये. मला श्वास आला तर राहीन, नाही आला तर जाईन." त्या श्वासावर मामंजींचा सगळा हिवाळा टांगलेला होता. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे रोपांबद्दल बोलत होते.

ऊब कशाने करायची, यावर पुढचे दिवस गेले. गावाला वीज नव्हती, विजेचे खांबही दिसत नव्हते, तेव्हा तो विचार संपला. पहिल्यांदा आली कोळशाची शेगडी. जन्मभर कोळशात काढलेला माणूस, त्याला शंका कसली येते! शेगडी निखारे फुलवून खोलीत ठेवली, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार लावलं आणि झरोक्यात चिंध्या कोंबल्या. सकाळी दोघांचीही डोकी दगडासारखी जड. सासूबाई उंबऱ्यावर येऊन बसल्या होत्या, ओठ काळेनिळे. मामंजी आधी म्हणाले की रात्रीचे वाल बाधले. मग बराच वेळ शेगडीकडे बघत बसले. इंजिनाचा विस्तव उघड्यावर असतो, त्याला धुराडं असतं, हे त्यांना माझ्याहून कितीतरी जास्त माहीत होतं. पण घर म्हटलं की माणूस शिकलेलं विसरतो. त्यांनी शेगडी नेऊन परसात पालथी केली आणि म्हणाले, "खोलीत विस्तव न्हाई. ऊब आत, विस्तव भायेर."

तरी भुशाच्या शेगडीचा एक प्रयोग झालाच. तो फक्त काचघरात. चिंचवडच्या वखारीतून लाकडाचा भुसा आणला आणि डब्यात ठासून भरून पेटवला. तो धुमसत राहिला, आणि सकाळी गुलाबाची पानं पिवळी. रॉकेलच्या स्टोव्हचं नाव काढताच सासूबाईंनी नाकाला पदर लावला, म्हणून तो आणलाच नाही. शेजारच्या आजोबांनी सांगितलं की ताज्या शेणाचा थर खाली घाला, वर माती, रोपांना फुकटची ऊब मिळेल. हे खरं होतं, त्यांच्या वांग्याच्या रोपांना ते तसंच करत. मामंजींनी विचारलं, "आन् माणसाला?"

"माणसाला काय?"

"माणसाच्या खाटंखाली बी उकिरडा घालायचा व्हय?"

आजोबा बुचकळ्यात पडले. रोपांचं चाललंय असंच त्यांना वाटत होतं.

शेवटी मामंजींना बंब सुचला. आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता, तसा तेव्हा पुष्कळ घरांत असे. मधल्या नळकांड्यात लाकडं, गोवऱ्या, चिपाडं घालायची, भोवतीचं पाणी तापतं, खालच्या तोटीतून काढून घ्यायचं. त्याची एक रीत असते आणि ती घरातल्या पोराबाळांनाही माहीत असते: गरम पाण्याची बादली काढली की तेवढंच गार पाणी वरून ओतायचं. न ओतता जो जाईल त्याचा उद्धार होतो. मामंजी म्हणाले, हाच बंब न्हाणीबाहेर खड्ड्यात बसवू, त्याचं तोंड बंद करून वर माळ्यावर एक पिंप ठेवू. पिंपातलं पाणी बंबात येईल, तापलेलं पाणी लोखंडी नळीतून आपलं आपण वर चढेल, खोलीच्या भिंतीकडेने फिरेल, तिथून काचघरात जाईल आणि गार होऊन पुन्हा बंबात येईल. ना पंप, ना माणूस. नळी तेवढी पाण्याने भरलेली राहिली पाहिजे.

"आणि आंघोळीला पाणी?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याच बंबाचं. एका इंजिनावर दोन डबं, तिसरा न्हाणीचा."

नळ्या खडकीच्या एका मुसलमान भंगारवाल्याकडून आणल्या. लढाई संपल्यावर लष्कराचं मोडकं सामान लिलावात निघे, ते तो घेई. यजमान मामंजींबरोबर गेले होते, त्यांनी येऊन सांगितलं. भंगारवाल्याने नळ्यांचं माप ऐकलं, वळणांचा आकडा ऐकला आणि म्हणाला, "राव, तुमच्या काचघराला इतकी वळणं कशाला? रोपं काय कोपऱ्याकोपऱ्यात झोपतात का?" मामंजी म्हणाले, "मधी एक खोली लागती." भंगारवाल्याने एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन वळणं पैसे न घेता तशीच दिली.

पंधरवडाभर घरात ठाकठोक चालली. भिंतीला भोकं पडली, मी सारवलेल्या जमिनीवर लोखंडाचा कीस पडला, खड्ड्यात उतरायला पायऱ्या झाल्या. आंघोळीचं पाणी आता वर उचलून आणावं लागे, त्यावर मी माझ्याशीच बडबडत असे. पहिल्यांदा बंब पेटला तेव्हा नळी पोटात वात धरल्यासारखी गुडगुडली. मामंजी भिंतीला कान लावून उभे. हळूहळू आवाज बंद झाला. त्यांनी सासूबाईंना बोलावलं आणि नळीला हात लावायला सांगितलं. सासूबाईंनी आधी बोट लावलं, मग तळवा, मग पाठ टेकून खालीच बसल्या.

"जमलंय गो ह्यांना," त्या मला मागाहून म्हणाल्या. मामंजींच्या देखत म्हणाल्या नाहीत.

चंपाषष्ठी आली आणि गेली. सासूबाई गेल्या नाहीत. रोज सकाळी नळीपाशी बसून त्या तांदूळ निवडत. नळीवर तेलाची वाटी ठेवत, पापड पसरत, पोलकी वाळवत. मामंजी चिडत, "वाळवण घालायला न्हाई केली ती," पण चिडताना त्यांचा चेहरा सुखावलेला असे. येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून काचघरात नेत आणि गुलाब दाखवत. कळ्या खरोखरच धरल्या होत्या, हिरव्यागार. खोली ते कुणाला दाखवत नसत. गावातल्या बायका मात्र विहिरीवर मला विचारत, "वैनी औंदा गेल्या न्हाईत व्हय?" मी म्हणे, "नाही गेल्या." त्या एकमेकींकडे बघत. मलाही थोडा ताठा चढला होता, जणू नळी मीच घातली होती.

मग भोगी आली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बायकांनी डोक्यावरून न्हायचं, तीळ वाटून अंगाला लावायचे, मग भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. माझी ती सासरची पहिली भोगी, म्हणून चाकणहून नणंद तिच्या मुलींना घेऊन आली होती. आमचा रेल्वेचा बंब ऐकून शेजारच्या दोघीही लुगडी खांद्यावर टाकून आल्या. रीठे-शिकेकाई उकळली. बायकांचे केस तेव्हा कमरेपर्यंत, आणि एकेकीला दोन दोन, तीन तीन बादल्या. मामंजी पहाटेच गुलाबाच्या कुंड्या घेऊन बैलगाडीने पिंपरीला गेले होते, यजमान पहिल्या पाळीला. घरात सगळं बायकांचं राज्य, हसणं-खिदळणं.

जेवढं काढलं तेवढं ओतायची रीत सगळ्यांना माहीत होती. पण ओतणार कुठे? बंबाचं तोंड मामंजींनी बंद केलेलं. पिंप माळ्यावर. तिथे शिडी लावून बादली चढवायची, ते काम रोज सकाळी मामंजी स्वतः करत, कुणाला हात लावू देत नसत. ओल्या केसांनी, नऊवारी नेसून शिडी चढणारी आमच्यात कुणी नव्हती. मामंजींनी नळीचा उतार मोजला होता, वळणं मोजली होती, काचेच्या फटी चिकणमातीने लिंपल्या होत्या. बायकांना केस असतात, आणि वर्षातून एक दिवस त्या सगळ्या एकदम न्हातात, एवढंच त्यांनी धरलं नव्हतं.

पिंप आटलं, मग नळी. गुडगुड झाली असेल, पण आमच्या गलक्यात कुणाला ऐकू आली नाही. सासूबाई सगळ्यांच्या शेवटी न्हायल्या. त्या दिवशी ढग होते, ऊन पडलंच नाही, वारा मात्र झोंबत होता. त्या केस वाळवायला सवयीने खोलीत गेल्या आणि नळीला पाठ लावून बसल्या. नळी लोखंडाची, गार पडल्यावर भिंतीपेक्षा गार. त्यांनी हाक मारली नाही. सणाचा दिवस, सगळ्या जेवायला बसायच्या होत्या, म्हणाल्या असतील मनात, तापेल इतक्यात. मी ताट घेऊन गेले तेव्हा त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले होते.

त्या दिवशीचं फार सांगत नाही. मी त्यांचे केस पंच्याने कोरडे करत होते आणि त्यांचं अंग श्वासागणिक उसळत होतं. मला वाटलं, ह्या आता जातात. नणंद रडत होती. अडुळशाचा काढा दिला तो बाहेर आला. मामंजी परतले ते खोलीच्या दारातूनच फिरले आणि त्याच गाडीने चिंचवडला डॉक्टर आणायला गेले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि दिवेलागणीला श्वास जरा खाली बसला. डॉक्टर म्हणाले, "यांना इथे थंडीत ठेवता कशाला?" मामंजी शिडी चढून माळ्यावर गेले. वरून त्यांचा आवाज आला, "पिंप रिकामं." कुणाला उद्देशून नव्हता. काचघरातली कोवळी रोपंही त्या गारठ्यात झोपली, पण तिकडे कुणी पाहिलं नाही, मामंजींनीही नाही.

सासूबाई उशांना टेकून बसू लागल्या, तसे मामंजी कामाला लागले. खोलीतच, त्यांच्यासमोर, जमिनीवर कोळशाने रेघा ओढत बसले. न्हाणीला वेगळा बंब, नळीला वेगळा. पिंप दुप्पट मोठं. रोज दोनदा भरायचं. मी काढ्याची वाटी घेऊन उभी होते. सासूबाई त्या रेघांकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज अजून घोगरा होता. "माझ्या भावाकडे थंडी नसते, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"हाय ठावं."

"मग तुम्ही का नाही येत?"

मामंजींच्या हातातला कोळसा थांबला. "कुटं?"

"तिकडे. माझ्याबरोबर."

"म्या? सासुरवाडीला? शिमग्यापतुर?"

"हो."

"लोक काय म्हनतील? जावई म्हनतील का गडी म्हनतील?"

"काय म्हणायचं ते म्हणूदेत. मी तीस वर्षं नवरा असून एकटी राहिल्ये, तेव्हा लोक माझ्याबद्दल काय म्हणाले ते तुम्ही विचारलंत कधी?"

मी वाटी खाली ठेवून बाहेर यायला हवं होतं. आले नाही.

आता हे वाचणाऱ्याला नवल वाटेल, पण खरं सांगते, हा मार्ग आमच्यापैकी कुणालाही सुचलेला नव्हता. मला नाही, यजमानांना नाही, गावात कुणाला नाही. जावयाने सासुरवाडीला दोन दिवस राहावं, पाटावर बसून गोडाधोडाचं खावं, मानपान घ्यावा आणि निघावं. त्याहून जास्त राहिला तर तो घरजावई, आणि त्या शब्दाइतका वाईट शब्द पुरुषाला दुसरा नव्हता. निवृत्तीनंतरही दर वर्षी मेव्हणा बहिणीला न्यायला येई, मामंजी दोघांना स्टेशनपर्यंत पोचवत आणि परत येऊन रिकाम्या घरात बसत. तांबं सुचलं, लोखंड सुचलं, काच सुचली, गाडीत बसणं सुचलं नाही. आणि मामंजींना तर रेल्वेचा पास होता.

पुढचे काही दिवस असेच गेले. जमिनीवरच्या रेघा मी सारवून टाकल्या, त्या मामंजींनी पुन्हा ओढल्या नाहीत. मग एका सकाळी हत्यारांची पेटी काढून पुसत बसले. यजमानांना म्हणाले, "मामाच्या वाडीतलं पाण्याचं इंजिन बंद पडलंय. चार दिस जाऊन बघावं म्हनतो. तुझ्या आईलाबी सोडून येतो." मेव्हण्याचं इंजिन बिघडल्याचा निरोप कुणीही आणला नव्हता. यजमान बापासारखेच, म्हणाले, "बरं." गावात कुणी विचारलं तर हेच सांगायचं, अशी मलाही ताकीद मिळाली. काचघर बघायचं काम माझ्याकडे आलं. सासूबाईंनी मुकाट्याने ट्रंक भरली. पण इंजिनाचं कारण त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. सोबत मिळत होती, पण चोरून मिळत होती.

आम्ही चिंचवड स्टेशनवर सोडायला गेलो. लोणावळ्याला उतरून पुढे एस.टी. होती. मामंजी पुढे, हातात हत्यारांची पेटी. सासूबाई चार पावलं मागे, डोक्यावरून पदर, धापा टाकत. मी त्यांच्याबरोबर, यजमान ट्रंक घेऊन. फलाटावर मामंजींच्या ओळखीची मंडळी होती, स्टेशनवरचे दोघेतिघे, गावचे दूधवाले, बाजाराला निघालेली माणसं. एक दूधवाला पेटी बघून म्हणाला, "काय राव, रिटायर झाला तरी काम सुटंना? कुनीकडं?"

मामंजींनी पेटीकडे पाहिलं. मग मागे वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या दिव्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या आणि दुसरीकडे बघत होत्या.

"सासुरवाडीला," मामंजी म्हणाले.

"काय काम काढलं?"

"काम काय न्हाई. शिमग्यापतुर ऱ्हातोय." आजूबाजूच्या माणसांनी माना वळवल्या. मामंजींचा आवाज आणखी मोठा झाला, लोको शेडमध्ये बोलत असतील तसा. "हिला थंडी सोसत न्हाई."

दूधवाला हसला. "मग वैनीस्नी धाडा की. तुमाला काय झालं?"

"मला एकट्याला सोसत न्हाई," मामंजी म्हणाले.

कुणीतरी हसलं, कुणी हसलं नाही. यजमानांनी खाली बघितलं. गाडी आली तेव्हा सासूबाई रिवाजाप्रमाणे बायकांच्या डब्याकडे वळल्या. मामंजींनी पेटी आणि ट्रंक समोरच्याच डब्यात टाकली, पायरीवर चढले आणि भर फलाटावर त्यांच्यापुढे हात केला. तेव्हा नवरा-बायको चारचौघांत एकमेकांना हात लावत नसत. सासूबाई क्षणभर थांबल्या, हात धरला आणि चढल्या.

गाडी गेल्यावर मला रडू आलं. यजमानांना वाटलं, सासूबाईंच्या काळजीने. ते म्हणाले, "होईल त्यांना बरं, चल," आणि दुसरी पाळी गाठायची म्हणून माझ्यापुढे भराभर चालू लागले. मी चार पावलं मागून जात होते. काळजीने रडत नव्हते मी. मला सासूबाईंचा हेवा वाटत होता.